‘तीनशे त्रेपन्न’ लागलं म्हणजे नेमकं काय लागलं?

होस्टेलमध्ये कायदेपंडितांची कमतरता कधीच नसते. रात्री अकरानंतर चहाच्या टपरीवर पोलिसांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, ‘‘काय होत नाय रे, एक फोन लावला की सुटतो.’’ दुसरा म्हणतो, ‘‘पोलिसाला हात लावला ना, संपलं करिअर. डिग्री फ्रेम करून घरी लावायची.’’ मित्रांनो, दोन्ही पक्ष चूक आहेत. आणि दोघांच्या चुकीची किंमत भलताच कुणीतरी मोजतो, म्हणून हा लेख.

माझे काका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतात. सुट्टीत त्यांच्या ऑफिसात झेरॉक्स काढणं, फायली लावणं आणि आलेल्या पक्षकाराला पाणी देणं ही माझी ‘इंटर्नशिप’! तिथे तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा यायचा. कॉलेज आपलं नव्हे, गावही सांगत नाही. २०२४ च्या गणपती विसर्जनातली भानगड. डीजे बंद करायला सांगितल्यावर बाचाबाची झाली, रेटारेटी झाली, बंदोबस्तावरच्या एका हवालदाराचं मनगट मोडलं. एफआयआरमध्ये या मुलाचं नाव आणि पुढे ‘इतर वीस ते पंचवीस अनोळखी इसम’. त्याचे वडील जामिनासाठी सातबारा आणि घरपट्टीची पावती पिशवीत घेऊन बाकावर बसलेले असायचे. मुलगा एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायचा, ‘‘मी काही केलं नाही हो काका.’’ आणि काका दरवेळी म्हणायचे, ‘‘ते मला नको सांगूस. काय काय घडलं ते सांग, क्रमाने.’’

हा क्रम का महत्त्वाचा, ते आता पाहू.

आकडे बदलले, गुन्हा तोच

आपण बोलताना अजून ‘३५३’ म्हणतो. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं ३५३ (लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) आता कलम १३२ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जुनं ३३२ (त्याच हेतूने दुखापत) आता १२१ चं पोटकलम १, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आणि जुनं ३३३ (जबर दुखापत) आता १२१ चं पोटकलम २, शिक्षा किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं. दंड वेगळा. तिन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र.

एक महाराष्ट्रापुरती गोष्ट. आपल्या राज्याने दुरुस्ती करून ३३२ आणि ३५३ या दोन्हींची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला होता. ही दुरुस्ती जून २०१८ पासून लागू झाली. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर तिला तोच जुना कायदा लागतो. म्हणून केस कोणत्या तारखेच्या घटनेची, हा पहिला प्रश्न.

‘जबर दुखापत’ म्हणजे खूप लागलं असं नाही. कायद्यात तिचे आठ प्रकार मोजून दिलेत. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणे, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, जीव धोक्यात येणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे अथवा रोजची कामं करता न येणे वगैरे. (हे पंधरा दिवस जुन्या कायद्यात वीस होते.) म्हणजे डोक्यातून भळाभळा रक्त आलं तरी ती साधी दुखापत असू शकते, आणि करंगळीचं हाड मोडलं तर जबर! मनगट मोडलं आणि आमचा मुलगा थेट दहा वर्षांच्या कलमात गेला, तो असा.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हेही सांगतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खार इथे कागदपत्रं तपासणाऱ्या एका वाहतूक पोलिसाच्या डोक्यात मारण्यात आलं आणि आठवड्याभरात तो गेला. विसर्जनाला सोळा-सोळा तास उभा असलेला हवालदारही कुणाचा तरी बाप असतो. कायदा कडक आहे त्याला कारण आहे. पण कायदा कडक असला की तो योग्य माणसालाच लागलाय ना, हे तपासणंही तितकंच गरजेचं होतं. बचाव म्हणजे हे तपासणं.

चार इनपुटचं अँड गेट

काकांनी मला समजावलं ते मी आपल्या भाषेत सांगतो. आरोप म्हणजे एक अँड गेट समजा. सगळे इनपुट ‘१’ असतील तरच आउटपुट ‘१’. एक जरी ‘०’ निघाला तरी गुन्हा त्या कलमाखाली सिद्ध होत नाही. आणि प्रत्येक इनपुट ‘१’ आहे हे दाखवायची जबाबदारी सरकार पक्षाची, तीही वाजवी संशयापलीकडे.

इनपुट पहिला : तो तूच होतास का? गर्दीच्या केसमध्ये हा सगळ्यात मोठा प्रश्न. बेकायदेशीर जमावातल्या एकाने समान उद्देशासाठी गुन्हा केला की जमावातला प्रत्येक जण जबाबदार, असं कलम १९० (जुनं १४९) म्हणतं. पण केवळ तिथे उभा असलेला बघ्या जमावाचा सदस्य ठरत नाही. उद्देश त्याचाही होता हे दाखवावं लागतं. इथे ओळख परेड झाली का, साक्षीदाराने पहिल्या जबाबात नाव घेतलं की महिन्याभराने आठवलं, उजेड किती होता, अंतर किती होता हे सगळं येतं. होस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर, मेसची हजेरी, एटीएमची पावती यांना तेव्हा अचानक फार भाव येतो.

इनपुट दुसरा : पोलीस त्या वेळी कर्तव्य बजावत होता का? सुट्टीवर असलेल्या पोलिसाचं शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण झालं, तर ते दोन शेजाऱ्यांचं भांडण. मारहाणीचं साधं कलम लागेल, १३२ किंवा १२१ नाही. अपवाद एकच, त्याने आधी केलेल्या कामाचा राग धरून मारलं असेल तर. म्हणून बंदोबस्ताचा आदेश, स्टेशन डायरीतली नोंद, गणवेश होता की साधे कपडे, हे वकील मागवून घेतात.

इनपुट तिसरा : नक्की काय केलं? नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर राग काढला म्हणून बंगळुरूच्या एका जोडप्यावर ३५३ लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केलं, कारण हल्लाही नव्हता आणि बळाचा वापरही नव्हता. उलट बाजूही लक्षात घ्या. कॉलर धरणं, काठी हिसकावणं, मुद्दाम ढकलणं यात रक्त आलं नाही तरी कलम १३२ लागू शकतं. ‘‘फक्त ढकललं’’ हा बचाव नाही, ती कबुली आहे!

इनपुट चौथा : हेतू काय होता? इथे बहुतेक केस ठरतात. धक्का लागला की दिला? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातलं एक प्रकरण आलं. लाचेच्या सापळ्यात सापडलेल्या माणसाने पथकाला रेटून पळ काढला होता. न्यायालय म्हणालं, ती धडपड निसटून जाण्यासाठी होती, हल्ला करण्याच्या हेतूने नव्हती. ३५३ टिकलं नाही. (म्हणून पळून जावं असं नाही हं! पळण्याचे वेगळे परिणाम असतातच.)

जबर दुखापतीत तर आणखी एक पायरी आहे. हाड मोडलं एवढं पुरत नाही. अशी दुखापत करण्याचा इरादा होता किंवा ती होण्याचा संभव आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे दाखवावं लागतं. आमच्या मुलाचं म्हणणं असं की मागून कुणीतरी दंड धरला, त्याने न बघता हात झटकला, आणि हवालदार दुभाजकावरून मागे पडले. हे खरं मानलं तर मनगट मोडलं हे खरंच, पण ‘मोडलं’ आणि ‘इच्छापूर्वक मोडलं’ यात दहा वर्षांच्या कलमाचं अंतर आहे. क्रम महत्त्वाचा म्हणतात तो यासाठी. दंड आधी धरला की हात आधी उगारला?

‘सेल्फ डिफेन्स’ नावाचं गैरसमजाचं पोतं

सिनेमे बघून आपल्याला वाटतं, पोलीस चुकीचं वागला की त्याला हाणायचा हक्क मिळतो. कायद्यात खासगी बचावाचा हक्क आहे, न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. पण कलम ३७ (जुनं ९९) नीट समजून घ्या. लोकसेवक आपल्या अधिकाराच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल आणि त्या कृतीमुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही. ती कृती कायद्याच्या काटेकोर हिशेबात बसत नसली तरीही नाही! म्हणजे चलान चुकीचं आहे, गाडी चुकीची उचलली, हात जोरात धरला, यावर उत्तर हाताने द्यायचं नाही. ते नंतर अर्जाने, तक्रारीने, कोर्टात द्यायचं.

मग हक्क उरतो कुठे? समोरचा पोलीस आहे हे माहीत नव्हतं आणि तसं मानायला कारणही नव्हतं, उदाहरणार्थ साध्या कपड्यात, ओळख न देता कुणी रात्री अंगावर आलं. किंवा मार असा पडत होता की जीव जाईल, हाडं मोडतील. तेव्हाही गरजेपुरतंच बळ. आणि हे अपवाद सांगायचे तर सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. मात्र त्याला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, ‘असं घडलं असण्याचा संभव जास्त’ एवढं पुरतं. सरकार पक्षाच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते बाहेर येऊ शकतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘‘मी तिथे नव्हतोच’’ आणि ‘‘मी होतो, पण स्वतःला वाचवत होतो’’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की न्यायाधीशांच्या मनात दोन्ही पडतात. पहिल्या दिवशी घाबरून ठोकून दिलेलं एक खोटं पुढे चार वर्षं पाठलाग करतं. खरं जे आहे ते एकदा, आणि आपल्या वकिलालाच सांगायचं.

पहिले चोवीस तास

व्हायवाच्या आदल्या रात्री वाचून निभतं, इथे निभत नाही. पहिले एक-दोन दिवस हातचे गेले की पुरावा जातो.

अटक झाली तर अटकेची कारणं सांगणं, घरच्यांना कळवणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात घालून दिले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस देण्याचा विचार व्हावा, असं २०१४ पासून न्यायालय सांगत आलंय. १३२ आणि १२१(१) त्यात येतात. १२१(२) येत नाही. नोटीस आली तर मात्र हजर राहायचंच.

जबाबाचं काय? नाव, पत्ता खरा द्या. पण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, घटनेचं कलम २०(३). ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही आणि तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही. को‍ऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका. आणि हे सगळं आवाज न चढवता, ‘साहेब’ म्हणून सांगता येतं.

अंगावर मार असेल तर वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आणि पहिल्यांदा हजर केल्यावर मॅजिस्ट्रेटना स्पष्ट सांगा. तेव्हा ‘काही तक्रार नाही’ म्हटलं आणि सहा महिन्यांनी वळ आठवले, तर कोण विश्वास ठेवणार? पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिला असून चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपायला सांगितलंय. दुकानांच्या कॅमेऱ्यांना असा आदेश नाही. तिथे नवीन चित्रण जुन्यावर चढतं. म्हणून दुकानदाराला त्याच दिवशी विनंती आणि वकिलामार्फत कोर्टात ते मागवण्याचा अर्ज.

आता खास आपल्यासाठी. मोबाईलवर शूटिंग असेल तर तो मोबाईल जपा. ग्रुपवर फॉरवर्ड करत बसू नका. फॉरवर्ड केलं की फाईल दाबली जाते, मूळ माहिती उडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्या नमुन्यात चक्क हॅश व्हॅल्यू लिहायची असते, एमडी-५ किंवा एसएचए-२५६ वगैरे. सिक्युरिटीच्या पेपरला पाठ करतो तेच! एक बिट बदलला तरी हॅश बदलतो, म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही. आणि स्वतःच्या विरोधातलं चित्रण पुसायचं नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

खटल्यात काय तपासतात

डॉक्टरांचा दाखला आधी. तपासणी किती वाजता झाली, जखम किती ताजी, एक्स-रे काढला का, मनगट पडल्याने मोडलं की काठीने? आमच्या केसमध्ये फिर्यादीत ‘काठीने मारले’ आहे आणि दाखल्यावर काठीच्या वळाची नोंद नाही. काका याच धाग्याला धरून आहेत. मग एफआयआरची वेळ. घटना आणि नोंद यात किती तास गेले, का गेले? एफआयआर साधारणपणे चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा असं २०१६ पासून बंधन आहे (संवेदनशील गुन्हे सोडून), त्यामुळे प्रत मिळवणं अवघड नाही.

‘‘सगळे साक्षीदार पोलीसच आहेत, केस उडणार!’’ हाही टपरीवरचा निकाल. केवळ पोलीस आहे म्हणून साक्ष फेटाळली जात नाही. ती बारकाईने तपासली जाते इतकंच. भर गर्दीत एकही बाहेरचा साक्षीदार का मिळाला नाही, हा प्रश्न तेव्हा वजनदार होतो.

आणि हो, ‘‘हवालदारसाहेबांच्या पाया पडू, मिटवून टाकू’’ हेही नाही. ही कलमं तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पण सरकारी कामावरच्या हल्ल्यात केवळ समझोता झाला म्हणून न्यायालयं सहज रद्द करत नाहीत. साक्षीदाराला भेटायला गेलात तर जामीनही जाईल.

करिअरचं काय?

दुसऱ्या पक्षासाठी हे. केस दाखल होणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो मागण्याचा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालय ठरवतं. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र किंवा उच्च न्यायालयात करता येतो. खटला चालू असताना पासपोर्ट अडतो हे खरं, पण न्यायालयाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा मिळू शकतो. कंपनीच्या फॉर्मवर ‘केस चालू आहे का’ असा रकाना असेल तर खोटं लिहू नका. क्षुल्लक केस सांगितल्याने जितकं नुकसान होतं त्यापेक्षा लपवल्याने जास्त होतं. गुन्हा सिद्ध झालाच, तरी एकवीस वर्षांखालच्या तरुणाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा विचार १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालयाला करावा लागतो. डिप्लोमाची मुलं तर कित्येकदा अठराच्या आत असतात. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि त्यांना लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. वयाचा दाखला लगेच दाखवा.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, सर्व महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत विधी सेवा मिळते, मग उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्न मर्यादेत असेल तर. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे.

रेक्टरसर आणि स्टाफला एक विनंती. असा प्रसंग आलाच तर निलंबनाचं पत्र टाईप करण्याआधी तीन गोष्टी करा. गेट रजिस्टर आणि होस्टेलच्या कॅमेऱ्याचं त्या रात्रीचं चित्रण बाजूला काढून ठेवा, मुलाच्या घरी फोन करा, आणि विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. तो निर्दोष असेल तर हे त्याला वाचवेल. दोषी असेल तर हेच त्याच्याविरुद्ध जाईल. दोन्हींत कॉलेजने आपलं काम केलेलं असेल.

त्या मुलाची केस अजून चालू आहे. हवालदारांची साक्ष झाली, उलटतपासणी पुढच्या तारखेला. दंड कुणी आधी धरला, याचं उत्तर कदाचित समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात होतं. पण कुणी विचारायला गेलं तेव्हा एकवीस दिवस झाले होते, आणि कॅमेऱ्याची साठवण पंधरा दिवसांची होती.